खोक्यात नसलेली तबकडी

मनुष्य नवे कुलूप विकत घेतो तेव्हा त्याबरोबर दोन किल्ल्या मिळाव्यात अशी त्याची रास्त अपेक्षा असते. एक रोजच्या वापरासाठी, दुसरी अडीअडचणीसाठी. दुकानदाराने एकच किल्ली हातावर ठेवली आणि "दुसरी घरातच कोठेतरी भिंतीत बसवून दिली आहे, लागेल तेव्हा दार उघडून काढून घ्या," असे सांगितले, तर गिऱ्हाईक हसेल, नाहीतर रागावेल. परंतु संगणकाच्या व्यापारात कित्येक वर्षे नेमके हेच घडत आले आहे. आपण हसलो नाही आणि रागावलोही नाही, कारण आपणांस ते कळलेच नाही.

आम्ही बोलत आहो ते पुनःस्थापनेच्या तबकड्यांविषयी. बाजारात ह्यांना 'रिकव्हरी डिस्क' म्हणतात. संगणक बिघडला, विषाणूने ग्रासला अथवा सुरूच होईनासा झाला, तर ज्या तबकड्यांच्या साहाय्याने तो खरेदीच्या दिवशी जसा होता तसा पुन्हा करता येतो, त्या ह्या तबकड्या. एके काळी त्या यंत्राबरोबर खोक्यातच मिळत. पुढे त्या मिळेनाशा झाल्या. हा बदल ज्या यंत्रांच्या बाबतीत सर्वांत जाचक ठरला, ती यंत्रे म्हणजे 'नेटबुक' नावाचे छोटे संगणक होत. ती आता बाजारात नाहीत; परंतु कित्येक घरांच्या कपाटांत अजून आहेत, आणि त्यांच्या पोटात त्या घरांच्या आठवणी आहेत. म्हणून ह्या विषयास साप्ताहिकाची एक-दोन पाने द्यावी असे आम्हांस वाटले.

छोट्या यंत्राची छोटी कहाणी

२००७ च्या ऑक्टोबर महिन्यात तैवानमधील असूस कंपनीने 'ई पीसी ७०१' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याचा पडदा अवघा सात इंचांचा होता आणि साठवणीची जागा चार जीबी, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलच्याही कित्येक पटींनी कमी. त्यात विंडोज नव्हते, लिनक्स होते. परंतु किंमत अशी की, ज्यांनी लॅपटॉपचे स्वप्नही पाहिले नव्हते त्यांना तो घेता यावा. २००८ च्या मध्यास इंटेल कंपनीची 'ॲटम' जातीची छोटी चिप आली आणि एसर, एचपी, डेल, सॅमसंग, लेनोवो अशा बहुतेक सर्व मोठ्या कंपन्या ह्या व्यापारात उतरल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची विक्री इतर यंत्रांसाठी बंद करीत आणली होती, ती ह्या छोट्या यंत्रांसाठी चालू ठेवली. पुढे २००९ च्या ऑक्टोबरात 'विंडोज ७ स्टार्टर' नावाची साधी आवृत्ती दिली.

ज्या घरांतील कर्ता पुरुष आखातात होता किंवा जहाजावर होता, त्या घरांना हे यंत्र वरदानच वाटले. गोव्याच्या किंवा बेळगावच्या घरात बसून दूरच्या माणसाचा चेहरा पडद्यावर पाहावयास मिळणे ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. पुढे २०१० मध्ये आयपॅड आला, मोबाइल मोठे व हुशार झाले आणि २०१३ च्या सुमारास नेटबुकची जात जवळजवळ संपुष्टात आली. पाच-सहा वर्षांचे हे आयुष्य. परंतु तेवढ्या अवधीत फार मोठ्या संख्येने ही यंत्रे घरोघर पोहोचली.

ही यंत्रे स्वस्त व्हावीत म्हणून त्यांतून जे वगळले गेले, त्यात सीडी-डीव्हीडी चालविण्याचा कप्पा होता. कप्पाच नाही, तेव्हा तबकडी तरी कशाला द्यावयाची, असा विचार झाला. त्याऐवजी यंत्राच्या हार्ड डिस्कचा एक कोपरा राखून ठेवण्यात आला. ह्या कोपऱ्याला सामान्य वापरात नाव नसते, अक्षर नसते. तो दिसत नाही. त्यात काही जीबी जागेत मूळ विंडोज, त्या यंत्राचे खास भाग चालविणाऱ्या आज्ञावली आणि सर्व काही पूर्ववत करणारी योजना गुंडाळून ठेवलेली असे. ग्राहकाने पहिल्या दिवशीच ह्या कोपऱ्यावरून आपल्या तबकड्या आपणच तयार करून घ्याव्या अशी अपेक्षा होती. काही यंत्रे तशी सूचना पडद्यावर दाखवीतही असत.

आता ह्यातील पेच पाहा. तबकड्या तयार करावयास तबकडी लिहिणारे साधन हवे, आणि नेटबुकमध्ये ते नाही! म्हणजे स्वस्त यंत्र घेणाऱ्याने बाहेरून जोडावयाचे वेगळे साधन आणि कोऱ्या तबकड्या ह्यांवर पुन्हा खर्च करावा, तेव्हा त्याला त्याच्याच वस्तूची दुसरी किल्ली मिळणार. काही कंपन्यांची योजना तर असा संच एकदाच तयार करू देई. जो ग्राहक पैशाने सर्वांत दुबळा आणि माहितीनेही सर्वांत दुबळा, त्याच्याच माथी हा भार आला. तबकडी छापण्यास कंपनीला फारसा खर्च येत नाही. ती न देण्यात वाचले ते थोडे, आणि गेले ते मात्र पुष्कळांचे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

ह्या योजनेतील मूळ दोष तर त्याहूनही साधा आहे. हार्ड डिस्क बिघडली म्हणजे तिच्यावरील आपली कागदपत्रे जातात आणि तिच्याच कोपऱ्यातील पुनःस्थापनेची सामग्रीही जाते. संकटसमयी लागणारी वस्तू संकटग्रस्त घरातच ठेवलेली असते.

एका घराची हकीकत

आमच्या माहितीतील एका कुटुंबाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. त्या घरचा पुरुष जहाजावर नोकरीस होता. २०१० मध्ये रजेवर येताना त्याने एक नेटबुक आणले. तीन वर्षांनी ते फार मंद चालू लागले, म्हणून घरच्यांनी ते बाजारातील एका दुकानी नेले. दुकानदाराने 'फॉरमॅट मारून' नवे विंडोज टाकले, थोडे पैसे घेतले आणि यंत्र परत दिले. यंत्र वेगाने चालू लागले. सारे खूश झाले. दुकानदाराने काय पुसले आणि काय घातले ह्याची चौकशी कोणी केली नाही, आणि त्यानेही सांगितले नाही.

२०२१ मध्ये महामारीच्या दुसऱ्या लाटेत तो गृहस्थ देवाघरी गेला. पुढे मुलगी महाविद्यालयात गेली, तिला टंकलेखनासाठी यंत्राची गरज भासली, आणि कपाटातील नेटबुकची आठवण झाली. कळ दाबली तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येत आणि यंत्र तेथेच थांबे. जवळच्या दुकानी विचारले. उत्तर आले, "पाचशे रुपये द्या, नवीन विंडोज टाकून देतो. आतलं सगळं जाईल मात्र."

त्या माउलीने हे आम्हांस सांगितले तेव्हा तिचे शब्द होते, "फादर, मशीन गेलं तरी चालेल. ह्यांनी बोटीवरून पाठवलेले फोटो त्यात आहेत, तेवढे जायला नकोत."

धर्मग्रामातील एका जाणकार तरुणाने दोन संध्याकाळ खर्चून ते काम हाती घेतले. त्याने प्रथम यंत्रातील काहीही न पुसता, पेन ड्राइव्हवरील लिनक्सच्या साहाय्याने यंत्र सुरू केले आणि सर्व छायाचित्रे व पत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. ती मिळाली. त्यानंतर त्याने पुनःस्थापनेचा तो राखीव कोपरा शोधला. तो नव्हता. २०१३ च्या त्या 'फॉरमॅट'मध्ये तो पुसला गेला होता. यंत्राच्या तळाशी असलेल्या परवान्याच्या चिठ्ठीवरील अक्षरेही घासून नाहीशी झाली होती. म्हणजे ह्या कुटुंबाने रीतसर पैसे मोजून विकत घेतलेले विंडोज पुसून त्या जागी चोरीचे विंडोज बसविले गेले होते, आणि त्यासाठीही त्यांनी पैसेच मोजले होते!

'विंडोज टाकून देतो'

एसावाने मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. निदान एसावाला आपण काय विकतो आहो हे ठाऊक होते. आपल्यापैकी कित्येकांना तेही ठाऊक नसते. यंत्राच्या किमतीत विंडोजच्या परवान्याची किंमत धरलेली असते. ती आपण भरलेली असते. आणि तरीही 'टाकून देतो' ह्या दोन शब्दांवर विसंबून आपण आपली न्याय्य वस्तू टाकतो व अन्याय्य वस्तू घेतो.

"फादर, एवढी मोठी कंपनी, तिचे आमच्या पाचशे रुपयांनी काय बिघडणार आहे?" असा प्रश्न आम्हांस अनेकदा ऐकू येतो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ असावे. 'चोरी करू नको' ह्या सातव्या आज्ञेत, ज्याचे घ्यावयाचे तो श्रीमंत असल्यास चालेल अशी सवलत नाही. परंतु ह्याच आज्ञेचा अर्थ उलगडताना १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथाने दुसऱ्याच्या अज्ञानाचा अथवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढविणे हेही त्याच आज्ञेच्या भंगात गणले आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणजे ही आज्ञा गिऱ्हाइकाला जशी लागू आहे तशीच दुकानदाराला आणि कारखानदारालाही लागू आहे. तबकडी न देता यंत्र विकणारा, मूळ वस्तू पुसून बनावट वस्तू घालणारा, आणि स्वस्त मिळते म्हणून डोळे मिटून घेणारा, हे तिघेही आपापल्या वाट्याचे उत्तर देणे लागतात.

आपल्या देशाचा कायदाही ह्या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ अन्वये, संगणकाची आज्ञावली ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला ती नष्ट किंवा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून तिची राखीव प्रत करून ठेवता येते. अर्थात आपल्या यंत्राच्या पुनःस्थापनेच्या तबकड्या करून ठेवणे हा आपला हक्क आहे. त्यासाठी कोणाचे उपकार नकोत. उलट त्याच कायद्याचे कलम ६३ ब जाणूनबुजून बनावट प्रत संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांची कैद व किमान पन्नास हजार रुपये दंड सांगते. धंद्यासाठी वा नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालयास कैद माफ करता येते. परंतु गुन्हा तो गुन्हाच. घरच्या टंकलेखनासाठी एवढी जोखीम कशाला?

शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सौदा आतबट्ट्याचा आहे. अनोळखी माणसाने दिलेल्या तबकडीत काय काय मिसळलेले आहे हे आपणांस कळत नाही. ज्या यंत्रावरून आपण बँकेचा व्यवहार करणार, त्याच्या पायाशीच असा अनोळखी दगड बसवावा काय?

जुने यंत्र घरी असेल तर

ज्यांच्या कपाटात असे नेटबुक अथवा त्या काळचा लॅपटॉप पडून आहे त्यांनी काय करावे, ते आता क्रमाने सांगतो. येथे क्रमालाच महत्त्व आहे.

पहिली गोष्ट: घाई करू नये आणि कोणासही 'फॉरमॅट' करू देऊ नये. बॅटरी फुगलेली दिसल्यास ती काढून बाजूला ठेवावी व यंत्र थेट विजेवर चालवावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यंत्र लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावे. अशा डिस्कवर जितके प्रयोग करावे तितकी ती ढासळते.

दुसरी गोष्ट: प्रथम कागदपत्रे व छायाचित्रे वाचवावी. पुनःस्थापना यंत्राला पहिल्या दिवशीच्या अवस्थेत नेते. आणि पहिल्या दिवशी त्यात आपले एकही छायाचित्र नव्हते, हे विसरू नये. पुनःस्थापना यंत्राची होते, आठवणींची होत नाही. दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स तयार करून त्यावरून नेटबुक सुरू करता येते; विंडोज मोडलेले असले तरी चालते. नाहीतर हार्ड डिस्क बाहेर काढून, बाजारात मिळणाऱ्या यूएसबीच्या डबीत बसवून, दुसऱ्या संगणकाला जोडावी. अगदी सुरुवातीच्या काही नेटबुकांत साठवणीचा भाग पाटीवरच जडवलेला असल्याने तो निघत नाही. तेथे पहिलाच मार्ग.

तिसरी गोष्ट: राखीव कोपरा शिल्लक आहे काय ते पाहावे. विंडोज सुरू होत असेल तर 'डिस्क मॅनेजमेंट' ह्या ठिकाणी, अक्षर नसलेला पण काही जीबींचा विभाग दिसतो, तोच तो. विंडोज सुरू होत नसेल तर यंत्र सुरू करताक्षणी ठराविक कळ दाबावी लागते. असूसच्या ई पीसीमध्ये ती एफ ९, एचपीमध्ये एफ ११, सॅमसंगमध्ये एफ ४, एसरमध्ये आल्ट व एफ १० एकत्र. लेनोवोच्या कित्येक यंत्रांवर त्यासाठी वेगळे छोटे बटणच असते. एसरच्या यंत्रात मूळ मांडणीच्या पानावर 'डी टू डी रिकव्हरी' हा पर्याय बंद केलेला असल्यास कळ चालत नाही. तो आधी चालू करावा. पडद्यावर सर्व मजकूर पुसला जाईल अशी सूचना आली म्हणजे थांबावे, दुसरी पायरी झाली आहे ना ह्याची खात्री करावी, आणि मगच होकार द्यावा.

चौथी गोष्ट: कोपरा शिल्लक असेल आणि यंत्र चालत असेल, तर आजच त्याची प्रत बाहेर काढावी. कंपनीच्या योजनेने तबकड्या करावयाच्या तर यूएसबीने जोडण्याचे डीव्हीडी लिहिण्याचे साधन एखाद्या स्नेह्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणता येईल. ते न जमल्यास 'क्लोनझिला' ह्या मोफत आज्ञावलीने संपूर्ण डिस्कचे प्रतिबिंब बाहेरच्या डिस्कवर उतरविता येते. नेटबुक तैवानात जन्मले आणि त्याला वाचविणारी ही आज्ञावलीही तैवानातीलच एका राष्ट्रीय संगणक-केंद्राने तयार केलेली आहे, हा एक योगच म्हणावयाचा.

पाचवी गोष्ट: कोपरा नाहीसा झाला असेल तर कंपनीला पत्र लिहावे. यंत्राचा नमुना क्रमांक, अनुक्रमांक आणि बिलाची प्रत जोडावी. ही यंत्रे विकली जात त्या काळी अनेक कंपन्या थोडी रक्कम घेऊन तबकड्यांचा संच पाठवीत असत. इतक्या जुन्या यंत्राचा संच आज मिळण्याची आशा थोडी. परंतु विचारण्यास पैसे पडत नाहीत, आणि नव्या यंत्राच्या बाबतीत तर अवश्य विचारावे. यंत्राच्या तळाशी किंवा बॅटरीखाली परवान्याची चिठ्ठी असते. तिच्यावर पाच-पाचच्या गटांत पंचवीस अक्षरे असतात. ती पुसट होण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवावे. त्याच आवृत्तीची अस्सल तबकडी पुढे-मागे मिळाल्यास ही अक्षरेच तुमच्या मालकीचा पुरावा होत.

सहावी गोष्ट: जुने विंडोज परत आले तरी ते इंटरनेटसाठी आता सुरक्षित नाही. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. अशा यंत्रावर लिहावे, वाचावे, जुनी छायाचित्रे पाहावी. बँकेचा व्यवहार करू नये.

फुकट असूनही प्रामाणिक

आणि सारेच दरवाजे बंद झाले तर? तर एक दरवाजा उघडाच असतो. पहिले ई पीसी ज्या लिनक्सवर चालत असे, ते लिनक्स आजही फुकट मिळते. आणि ते फुकट देणाऱ्यांनी ते वाटण्यासाठीच केलेले असल्यामुळे ते घेण्यात कोणाचेही काही चोरले जात नाही. बहुतेक जुनी नेटबुके बत्तीस बिटांची आहेत, म्हणून कोणतीही आवृत्ती त्यांवर चालणार नाही. २०२३ च्या जूनमध्ये निघालेली 'डेबियन १२' ही अशा यंत्रांवर नव्याने बसविता येणारी डेबियनची शेवटची आवृत्ती होय. त्याच घराण्यातील 'अँटीएक्स' ही तर दुर्बळ यंत्रांसाठीच रचलेली आहे. एक जीबी मेमरीच्या यंत्राकडून चमत्कारांची अपेक्षा नसावी; परंतु निबंध लिहिणे, हिशेब मांडणे, आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन करणे इतके ते खुशाल करते.

वर सांगितलेल्या घरात शेवटी तेच झाले. चोरीचे विंडोज निघाले आणि लिनक्स आले. मुलगी त्यावर आपले प्रबंध लिहिते. तिच्या वडिलांची छायाचित्रे आता दोन ठिकाणी आहेत: एक डिस्क घरी, एक मामाच्या घरी.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी आपणांस सावध केले होते. वस्तूला तिचे पूर्ण आयुष्य लाभू देणे ही केवळ काटकसर नव्हे. ज्या भूमीतून ती वस्तू निघाली आणि ज्या हातांनी ती घडविली त्यांविषयीची ती कृतज्ञता आहे. पंधरा वर्षांचे यंत्र पुन्हा कामास लागते तेव्हा कचऱ्याच्या ढिगावर एक विषारी वस्तू कमी पडते.

नवे यंत्र घेणाऱ्यांना

हा सर्व प्रपंच जुन्या यंत्रांचाच आहे असे नव्या पिढीने समजू नये. आजच्या लॅपटॉपबरोबरही सहसा तबकडी येत नाही. किंबहुना बहुतेकांत तबकडीचा कप्पाच नसतो. तथापि एका बाबतीत परिस्थिती सुधारली आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून परवान्याचा क्रमांक यंत्राच्या चिपमध्येच कोरून ठेवण्यात येऊ लागला, आणि विंडोज ११ ची मूळ सामग्री मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. यंत्राबरोबर जी आवृत्ती आली तीच पुन्हा बसविल्यास ते यंत्र आपला परवाना आपणच ओळखते. म्हणून आता 'टाकून देतो' म्हणणाऱ्याच्या बनावट तबकडीची गरज उरलेलीच नाही.

तरीही यंत्र घरी आणल्यापासून पहिल्या आठवड्यात दोन कामे करावी. एक, बत्तीस जीबींचा कोरा पेन ड्राइव्ह आणून विंडोजमधील 'रिकव्हरी ड्राइव्ह' ह्या सोयीने पुनःस्थापनेची प्रत करावी. पेन ड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते, म्हणून तो कोराच घ्यावा. त्यावर यंत्राचे नाव व तारीख लिहावी आणि बिलासह तो त्याच कपाटात ठेवावा जेथे आपण स्नानसंस्काराचे व विवाहाचे दाखले ठेवतो. दोन, अनेक नवी यंत्रे आपली डिस्क आपण होऊन कुलूपबंद करतात. ते कुलूप उघडण्यासाठी अठ्ठेचाळीस अंकांचा एक क्रमांक असतो आणि तो बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेला असतो. घरचा कर्ता माणूस अकस्मात गेला आणि त्याच्या खात्याचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसला, तर त्या डिस्कवरील एकही छायाचित्र कोणाच्या हाती लागत नाही. तो क्रमांक आज कागदावर उतरवून घ्यावा. पती-पत्नींनी तो एकमेकांस सांगून ठेवावा.

दहा कुमारींच्या दृष्टान्तातील पाच शहाण्यांनी काही मोठा पराक्रम केला नव्हता; त्यांनी तेल आधी घेतले होते, एवढेच. मध्यरात्री हाक आली तेव्हा ते उसने मिळण्यासारखे नव्हते.

दुरुस्ती करणाऱ्या तरुणांना

शेवटी आमच्या धर्मग्रामांतील ज्या तरुणांनी संगणक दुरुस्तीचा व्यवसाय पत्करला आहे त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्या दुकानी यंत्र आले की हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: आत काही जपण्यासारखे आहे काय? मूळ राखीव कोपरा शाबूत आहे काय? परवान्याची चिठ्ठी कोठे आहे? ह्या तीन प्रश्नांस पाच मिनिटे लागतात. ते न विचारल्यामुळे एखाद्या विधवेचे उरलेसुरले धन एका कळीसरशी नाहीसे होऊ शकते, आणि तिला ते कळेपर्यंत वर्षे लोटलेली असतात.

तुम्ही पाचशे रुपये घेता ते घ्या, सहाशेही घ्या. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे. परंतु ते तुमच्या वेळेचे, कौशल्याचे व काळजीचे घ्या. बनावट वस्तूचे घेऊ नका. आणि गिऱ्हाइकांनीही हे ध्यानात धरावे की, लिनक्स फुकट असले तरी ते बसविणाऱ्याची संध्याकाळ फुकट नसते. प्रामाणिक कामाचे मोल द्यावयास आपण कचरतो, तेव्हाच बाजारात अप्रामाणिक कामाला भाव येतो.

ह्या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर एकदा कपाट उघडून पाहावे. जुने नेटबुक असेल तर ते बाहेर काढावे, धूळ पुसावी, तळाशी असलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे, आणि आत काय आहे ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. आणि ज्या घरी नवे यंत्र आले आहे, तेथे पुढच्या रविवारपर्यंत तो पेन ड्राइव्ह तयार झालेला असावा.